आबांचं दुःख मला कळतं

६ जानेवारी
बारामतीचं दोन दिवसांचं 'समानुभूती' शिबिर संपलं. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय, पण चालेल. 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' ही म्हण माझ्यापुरती रद्द. आता मला सगळ्यांचंच कळणार. बायको, स्वरूपा, म्हणाली की आधी गॅस संपलाय ते कळू द्या.

७ जानेवारी, सकाळी ७
पहिली केस मिळाली. हिंदुराव आबा. महिन्यापूर्वी त्यांच्या पत्नी, सारजाकाकी, गेल्या. अकरा वर्षं रोज सकाळी गाईचं दूध घेऊन काकीच आमच्या वडगावच्या डेअरीवर यायच्या. आता आबा येतात. खात्यावर नाव मात्र अजून काकींचंच. मी डेअरीचा सचिव, सवयीनं पुकारलं, 'सारजा हिंदुराव, अडतीस नंबर!' आबांनी स्लिप घेतली, नीट घडी घालून खिशात ठेवली. चेहरा कसनुसा. लगेच ओळखलं. रोज खपली निघतेय, आणि काढणारा मीच!

९ जानेवारी
आबांना धीर दिला. माझी मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा मी कसा खचलो होतो ते सविस्तर सांगितलं. पाऊण तास. आबा 'व्हय, व्हय' म्हणत होते. बरेच मोकळे झाले.

१० जानेवारी
निर्णय. काकींचं नाव काढून आबांचं लावायचं. अर्ज मीच भरला, आबांची सही घेतली. कशाला म्हणून विचारत होते. म्हटलं, सरप्राइज. स्वरूपाचं म्हणणं, त्यांना विचारा तरी. विचारूनच कळायचं असेल तर शिबिराला कशाला गेलो?

१३ जानेवारी
'हिंदुराव, अडतीस नंबर!' आबा जागचे हलेनात. परत पुकारलं. स्लिप बघितली, तिथंच ठेवली, निघून गेले. भरून आलं असणार. यश.

१६ जानेवारी
तीन दिवस आबा नाहीत. मन सावरायला वेळ लागतोच.

१८ जानेवारी
गाय विकून लेकीकडं अंथुर्ण्याला जाणार म्हणे. हवापालट चांगला. आज जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१९ जानेवारी
स्वरूपा आबांकडं जाऊन आली. काही बोललीच नाही म्हणे, त्यांच्याबरोबर गोठा झाडला नुसता. आबा आपणहून म्हणाले, "तिचं नाव आता कोन घेत न्हाय. सचिव तेवढा रोज मोठ्यानं घ्यायचा. त्याच्यापायी येत हुतो मी डेअरीवर."
मग तसं सांगायचं ना त्यांनी! वाईट वाटलं. फार.

२० जानेवारी
जुनं नाव परत लावायला गेलो. मयत सभासद कॉम्प्युटर घेत नाही.

२१ जानेवारी
आबांकडं गेलो. माफीचं भाषण पाठ करून. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. अकरा वर्सं रोज दिसायची तुला. काय बोलायची, कशाला हसायची, येखादं सांग की."
आठवून बघितलं. आबा वाट बघत होते.
दुधाला फॅट तीन पॉइंट आठ लागायची.
तेवढंच सांगितलं.