धोबीखान्यातला संध्याकाळचा वर्ग

६ जानेवारी
आजपासून वर्ग सुरू. रुग्णालयाच्या धोबीखान्यातल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचं. दिवसभर भांडारात कारकुनी, वर हे. पण शिक्षणाने आयुष्य बदलतं आणि ते बदलणारा कुणीतरी लागतो. हे वाक्य अहंकाराचं झालं का? उद्या विचार करणे.

७ जानेवारी
विचार केला. अहंकार नाही.
इस्त्रीवाल्या मावशी सगळ्यांत होतकरू. आयुष्यभर उभ्याने चादरी इस्त्री करून गुडघे गेलेत. वॉर्डातले कपडे नोंदवून घेणाऱ्या खिडकीवर एक जागा रिकामी होतेय. बैठं काम. वाचनाची परीक्षा पास झाल्या तर त्यांनाच. मी म्हटलं, मावशी, ध्येय मोठं ठेवा. म्हणाल्या, आधी बूड टेकायला खुर्ची मिळू दे, मग ध्येयाचं बघू.

१५ जानेवारी
थेट मुळाक्षरांवर उडी मारणं अशास्त्रीय. आधी प्रस्तावना: 'शिक्षणाचं महत्त्व', भाग पहिला. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. इतकी एकाग्रता कॉलेजातही पाहिली नव्हती.

२९ जानेवारी
भाग चौथा. एकाग्रता वर्गभर पसरली. मागच्या बाकावर किंचित घोरणं. बायको म्हणाली, अहो, झोपतात त्या. तिला शिक्षणशास्त्रातलं काय कळतंय! दमलो होतो, वाद घातला नाही.

१२ फेब्रुवारी
आज मुळाक्षरं नक्की घेणार होतो. खडू मिळेना. भाग सातवा. पाणी प्यायला थांबलो, तर मावशी दचकल्या. म्हणाल्या, थांबू नका हो सर, तुम्ही थांबलात की जाग येते. माझा आवाज त्यांना आवडतो असं दिसतं.

१ मार्च
उद्या मावशींची परीक्षा. आणि सिलॅबस अजून 'अ'पर्यंत पोचलेला नाही. त्यांची खुर्ची मी घालवली का? बराच वेळ स्वतःला फैलावर घेतलं. शेवटी दोष सिलॅबसचा ठरला. तरी जेवण गेलं नाही.

९ मार्च
मावशी पास! खिडकीवर बसल्यासुद्धा. म्हणजे प्रस्तावना खोलवर झिरपली. भेटायला गेलो. श्रेय मला नको म्हटलं आणि जरा रेंगाळलो.
मावशी म्हणाल्या, असं कसं, श्रेय तुमचंच. घरी लेक शिकवायला बसायची, पण भांडी आवरेपर्यंत माझी मान पडायची. तुमच्या वर्गात तासभर गाढ झोप मिळायला लागली, मग तिचं शिकवलेलं डोक्यात शिरायला लागलं. तुम्ही नसता तर मी अंगठाच उठवत राहिले असते सर.
पाय खिडकीखाली लांब करून बसल्या होत्या. बरं वाटलं. वाईटही.

१० मार्च
वर्ग भरगच्च. आज नवीन आलेल्या सगळ्या रात्रपाळीच्या. मी जाहीर केलं, चूक उमगली आहे, आता थेट मुळाक्षरं. चेहरे पडले. एकजण म्हणाली, ते आमची नणंद घरी शिकवते हो. तुम्ही आपलं बोला.
बोललो. हळू आवाजात.