वर्ष वाया जाऊ नये म्हणून

२४ जुलै १९९५, पेण
मेडिकलच्या यादीत नाव नाही. शेवटच्या फेरीतही नाही!

बी.एस्सी.ला जाणार नाही, पुन्हा मेडिकललाच बसणार, असं सांगून टाकलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग वरीसभर करशील काय गो?" अण्णा कारखान्यात गणपतींच्या सोंडांना रंग देत होते. ब्रश न थांबवता म्हणाले, "एक वर्ष दिलं. एकच."



२ ऑगस्ट
एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजचं माहितीपत्रक आलं. तिथे बारावीचे मार्क धरत नाहीत. त्यांची वेगळी परीक्षा आणि मग मुलाखत. मुलाखतीत रुग्णांसाठी काही काम केलंय का ते विचारतात. प्रवीणमामा म्हणाला, "नुसती घोकू नको. एखाद्या दवाखान्यात जा. सर्टिफिकेट मिळेल, बोलायलाही काही असेल." त्याच्या ओळखीच्या डॉ. दीना अष्टमकर आहेत, रोह्याजवळ अष्टमीला.

१४ ऑगस्ट
सकाळची एसटी. रोहा स्टँडवर उतरून पुलावरून चालत अष्टमी. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या, सुती साडी, आवाज मोठा. बेने इस्रायली ज्यू आहेत; दाराच्या चौकटीला प्रार्थनेची तिरपी डबी ठोकलीय, आत येताना तिला बोटं लावून ओठांना लावतात. मुलगा एलियाह इस्रायलला असतो, फोनवर नुसता "आई, ये" म्हणतो. त्या म्हणतात, "पेशंट संपले की येते."

मला म्हणाल्या, "शांती ना? हात धू. पुन्हा धू. आता बोल."

कंपाउंडर विठूकाका गोळ्या बांधतो. मी सुया-सिरिंज उकळायच्या, जखमा पुसायच्या.

६ सप्टेंबर
एका बाईच्या पायाचं गळू फोडलं. मी मागच्या मोरीत जाऊन ओकले. परत आले तर बाई स्वतःच जखम पुसत होत्या. ते जास्त वाईट.

१९ सप्टेंबर
आज नाही ओकले.

३ ऑक्टोबर
गडबचा काळुराम ड्रायव्हर आला होता. धाटावच्या कंपनीत माल भरायला येतो, तेव्हा दवाखान्यात डोकावतो. केवढा वाळलाय! ताप, जुलाब, तोंडात पांढरं. बाईंनी सुई दिली, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जा. आजच."

त्याचीच सिरिंज धुताना सुई ओढून काढली ती माझ्या बोटात गेली. चांगली आत. रक्त आलं. धुतलं, आयोडीन लावलं. कुणाला बोलले नाही. सुई नीट धरता येत नाही म्हणतील.

२० ऑक्टोबर
विठूकाका गोळ्या मोजता मोजता सहज म्हणाला, "त्या काळुरामला एड्स निघाला. मुंबईहून कागद आलाय. त्याला हात लावला म्हून मी आज दोनदा आंघोळ केली."

मी काय उत्तर दिलं आठवत नाही. नागोठणं कधी गेलं, गडब कधी गेलं, आठवत नाही. पेण स्टँडवर कंडक्टरनं हलवलं — "उतरायचं नाय का?"

२१ ऑक्टोबर
बोटावर खूणसुद्धा नाही. कुठल्या बोटाला होती तेच आता नक्की सांगता येत नाही!

२५ ऑक्टोबर, भाऊबीज
ताई तिच्या मनस्वीला घेऊन आलीय. सात महिन्यांची. सगळे तिला माझ्या मांडीवर देतात, मी काही ना काही काढून उठते. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय — शिवण्यानं होत नाही, भांड्यांनी होत नाही. मी वाचलंय, पाठ आहे. तरी माझा पेला खिडकीत वेगळा ठेवते. मनस्वीनं माझं बोट तोंडात घातलं तेव्हा मी किंचाळले. ताई रडली. "डॉक्टरीण व्हायच्या आधीच शिष्ट झालीस."

आईला कसं सांगू? आई आधी विचारेल, लोकांना काय सांगायचं. आणि लोक आधी विचारतील, पोरीला हा रोग झालाच कसा. सुईवर कोण विश्वास ठेवील?

१ नोव्हेंबर
फिजिक्स उघडलं. बंद केलं.

६ नोव्हेंबर
सांगितलं. डॉक्टरबाईंना.

दुपारी पेशंट नव्हते. मला वाटलं ओरडतील, हाकलतील, सर्टिफिकेट गेलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि त्यांचा चेहराच उतरला. "महिना होऊन गेला? आणि तू एकटी?" मग हळू म्हणाल्या, "चूक माझी आहे. पोरीच्या हातात सुया दिल्या."

त्यांनीच माझं रक्त काढलं. ते मुंबईला जाईल. पण तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा काढायचं, त्याआधीच्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. म्हणजे जानेवारी.

"बाई, निघालं तर?"
"निघालं तर मी आहे."
"आणि मेडिकल?"
त्या रक्ताची बाटली कागदात गुंडाळायला लागल्या.

९ नोव्हेंबर
उकळायचं भांडं बाईंनी फळीवर ठेवून दिलं. आता प्लॅस्टिकच्या सिरिंज, एकदा वापरून टाकायच्या. विठूकाका कुरकुरतो. त्याला माझं माहीत नाही.

२ डिसेंबर
पहिला रिपोर्ट चांगला. आनंद होत नाही. बाई म्हणाल्या तेच — अजून सांगता येत नाही.

घसा दुखतोय. थंडीचा असेल. थंडीचाच असेल ना?

१९ डिसेंबर
काळुराम गेला. एसटी गडबला थांबली तेव्हा मागच्या बाकावरचे बोलत होते. खांदा द्यायला चारजण जमेनात म्हणून मेहुण्यानं टेम्पो आणला. "बायकोला पन असंल," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "तिच्या घरचा पानीबी पिऊ नको."

मी खिडकीबाहेर बघत बसले. आज ना उद्या हे माझ्याबद्दल बोलतील.

८ जानेवारी १९९६
दुसऱ्यांदा रक्त दिलं. हे निघालं नाही तर मी मेडिकलचं नाव काढणार नाही. देवा, खरंच नाही काढणार. बी.एस्सी. करीन, शाळेत शिकवीन.

१७ जानेवारी
नाही!! काही नाही निघालं!!

बाईंनी कागद हातात दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या. दोघी रडलो. विठूकाकाला कळेना काय झालं. घरी येऊन मनस्वीच्या फोटोचे मुके घेतले. आई म्हणाली, "येडी झाली काय गो ही?"

१८ जानेवारी
अण्णांना सांगितलं, फॉर्म भरणार नाही.  कारण सांगितलं नाही. बाईंना म्हटलं, महिनाअखेरपर्यंत येते, मग बंद.

२९ जानेवारी
काळुरामची बायको आलीय. सरू. माझ्याएवढीच असेल. पाचवा महिना. गडबहून अष्टमीपर्यंत आली, कारण जवळच्या दवाखान्यात तिला बाकावर बसू दिलं नाही. विठूकाका गोळ्यांची पुडी टेबलावर सरकवून बाहेर जाऊन उभा राहिला.

रक्त तपासायला पाठवायचं होतं. बाईंच्या हाताला हल्ली कंप असतो, म्हणून शीर कशी शोधायची ते त्यांनी मला शिकवून ठेवलंय. त्या माझ्याकडे बघत होत्या. मीच हातमोजे घातले.

सरूचा हात लाकडासारखा ताठ. म्हणाली, "ताय, तुमाला भ्या नाय वाटत माजा?" मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, मलाही याचीच भीती होती. माझंही रक्त असंच काढलं. आता बघ, मी ठणठणीत आहे. तेव्हा तिनं हात सैल सोडला. शीर पहिल्याच वेळी सापडली!

१ फेब्रुवारी
फॉर्म भरणार. अण्णांनी दुकानातून पेढे आणले. मुलाखतीत मी सरूचं सांगणार. सगळे मागे सरले तेव्हा मी पुढे झाले, तिला धीर दिला, तेव्हाच ठरलं — असं. दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं ऐकायला.

१२ फेब्रुवारी
सरूचा रिपोर्ट आला. आहे.

बाई तिला समजावत होत्या. ती ऐकतच नव्हती, माझ्याकडे बघून हसत होती. मग म्हणाली, "तायला पन झाला व्हता ना? ती बरी झाली. ताय, तुमी घेतलाव तोच औषध मना द्या गो."