पांढरा कोळसा, काळा कोळसा

३ जून
आज सगळ्यांना हिरवे टी-शर्ट वाटले. माझ्या मापाचा नव्हता. छातीवर लिहिलंय, 'धूर कमी, चव जास्त'. फौजेत सतरा वर्षं इंजिनं उघडली, इथं उपम्याच्या कारखान्यात बॉयलरवर अकरा झाली, पण धुराचा आणि चवीचा संबंध आज कळला. शितोळे साहेब, कारखान्याचे मुख्य, अर्धा तास बोलले. कंपनीनं म्हणे शब्द दिलाय, हवेत सोडतो तो कार्बन निम्म्यावर आणणार. शब्द देणारे मुंबईत बसतात. धूर मी काढतो. मला विचारलं नाही कुणी.
मग झाडं. बॉयलरचं उकळतं पाणी सोडायची चर आहे, बरोबर तिच्या काठाला रोपं लावली, फोटो काढले. मला दिसत होतं. उकडू देत.

९ जून
पुण्याहून एक बाई आल्यात. देवयानी मॅडम. काम : कारखान्याचा कार्बन मोजणे. करकरीत बूट घालून बॉयलरवर आल्या. वाटलं, दहा मिनिटांत घाम पुसत एसीत जातील. दोन तास हलल्या नाहीत.
"मोरे काका, कोळसा कधी बंद झाला?"
काका! मी काय हिच्या बापाचा भाऊ?
"जानेवारीपास्नं. आता निस्ता पांढरा कोळसा."
तो काय असतो, विचारलं. सांगितलं, उसाच्या चोथ्याच्या दाबून केलेल्या कांड्या, कुंडलहून येतात. पांढऱ्याही नसतात आणि कोळसाही नसतो.
"मग पांढरा कोळसा का म्हणतात?"
तुमी त्या चरीच्या काठाला वृक्षारोपण का म्हणता? हे मनात.

१४ जून
बाईंकडे पिस्तुलासारखं यंत्र आहे, पाइपवर धरलं की तापमान दाखवतं. दिवसभर पाइपांवर नेम धरत फिरत होत्या. रज्जाक फिटर (हा माझ्याच गावचा, रहिमतपूरचा, रोज एकाच गाडीनं येतो आम्ही) हसून म्हणाला, "दादा, बाई एन्काउंटर करणार तुमचा."
दुपारी बाई म्हणाल्या, "उपम्याच्या लाइनवरून हे गरम पाणी कुठं जातं?"
"गटारात."
"आणि बॉयलरला?"
"बोअरचं. थंड."
"किती वर्षं?"
"म्या आल्यापास्नं."
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

१८ जून
आज खरं लिहितो, इथं कोण वाचतंय.
वाफ काम करून पाणी झाली की तेवढं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत धरायची, त्यासाठी लाइनला ट्रॅप असतात. आमचे सात अडकलेत. मी शेजारचे व्हॉल्व्ह उघडून वाफ सरळ सोडून दिली आहे, आज नाही, चार वर्षांपूर्वी. दिवाळीची ऑर्डर होती, लाइन थांबून चालणार नव्हतं. नवे ट्रॅप मागितले, साहेब म्हणाले पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आलेसुद्धा. स्टोअरमध्ये खोक्यात पडून आहेत. मी बसवले नाहीत. का? तर मागितले तेव्हा दिले नाहीत ना, मग ऱ्हाऊ दे. एवढंच.
बाईंनी यंत्र धरलं आणि सातच्या सात जागा बोट ठेवून दाखवल्या. कुणी उघडले, विचारलं नाही. रज्जाकनं माझ्याकडं बघितलं नाही, ते जास्त लागलं.
अकरा वर्षं साहेबांना नालायक म्हणतोय. वाफेच्या बाबतीत तरी एका पंगतीचे निघालो.

२७ जून
सातही बसले. रज्जाक आणि मी, चार दिवस. गरम पाणी पंपानं परत टाकीत घेतलं. बाईंनी पाइपांचं उसवलेलं कव्हर मोजून दिलं, तेही केलं. बॉयलर कांड्या बरोबर कमी खातोय, भट्टीचा आवाजच वेगळा. रज्जाक म्हणाला, "लय दिसांनी दमली न्हाई बया." तो बॉयलरला बया म्हणतो.
साहेबांना सांगायला गेलो. "छान, छान," म्हणाले, "पण हे फोटोत कसं दाखवायचं?"
या माणसाला पगार कशाचा मिळतो?
बाईंना 'चांगलं झालं' म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

१९ जुलै
कांड्या भिजल्या. शेड बांधा म्हणून मी दोनदा, बाईंनी तीनदा लिहून दिलं होतं. शेडच्या जागी साहेबांनी कंपनीचं नाव लिहिलेला हिरवा बगीचा केलाय. ओल्या कांड्या नुसत्या धुमसतात, प्रेशर चढेना, उपम्याची लाइन दोनदा बंद.
साहेब स्वतः आले. बाई पुण्याला गेल्या होत्या, तो मुहूर्त बघून. ताडपत्रीखाली काळा कोळसा. "मोरे, चार दिवसांचा प्रश्न आहे. जाळा. रजिस्टरला पांढराच लिहा."
लिहिलं. सही केली. पेनसुद्धा अडलं नाही.

२ ऑगस्ट
चार दिवसांचे चौदा झाले, बाई अजून पुण्यातच; आज काळा बंद. फौजी म्हणून गावात सलाम घेतो. घ्या.

११ ऑगस्ट
नव्या पाकिटावर हिरवं पान आलंय आणि खाली बारीक अक्षरात 'कोळशाविना शिजवलेला'. घरी हिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "उपमा त्योच हाय नव्हं?" "त्योच." "मग पान कशाला?" मी जेवायला वाढ म्हटलं.

२३ ऑगस्ट
काळा बंद होऊन तीन आठवडे झाले, पण राखेचा ढीग उचललेला नाही. बाई त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "काका, ही राख वेगळी दिसते. दगडासारखे गोळे आहेत."
"पावसानं. भिजली की धरती गोळे."
"अच्छा." वहीत लिहून घेतलं, पावसामुळे.
एवढं शिकून बॉयलरवाल्याच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवते. मूर्ख.
(संध्याकाळी) मूर्ख ती नाही.

४ सप्टेंबर
कंपनीचा कार्बनचा आकडा खरा की खोटा ते तपासायला बाहेरचे गृहस्थ आले. साहेबांच्या केबिनमध्ये ते, साहेब, बाई, आणि रजिस्टर घेऊन मी. गृहस्थांनी पानं चाळली. मला एक प्रश्न विचारला नाही. साहेबांनी उपमा मागवला होता, तो खात होते. असले तपासनीस असले की चोरांना किल्ली लागत नाही. संपत आलं होतं.
शेवटी बाईंना म्हणाले, "जुलैचं इंधन तुम्ही स्वतः पाहिलंत?"
बाई म्हणाल्या, "मी रोज नव्हते. पण मोरे काकांची सही आहे. म्हणजे बरोबरच असणार."
हे नसतं म्हटलं तर मी गप्प बसलो असतो. नक्की बसलो असतो.
म्हटलं, "सही माजीच हाय. पण जुलैत काळा जाळलाय. चौदा दिवस. लिहिलाय पांढरा."
साहेब हसले. "मोरे गंमत करतात."
"न्हाई साहेब. राख अजून पडलीया मागल्या अंगाला. चला, दावतो."
गृहस्थांनी चमचा खाली ठेवला. गेले राख बघायला. साहेब मागोमाग, फोन कानाला.
मी आणि बाई राहिलो. वाटलं होतं, बरं केलंत म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, काका. राखेसमोर उभं राहून विचारलं होतं."
आणि लॅपटॉप उचलून गेल्या.

५ सप्टेंबर
मला आठ दिवस सक्तीची रजा. कारण लेखी नाही. साहेब गेटपर्यंत सोडायला आले, खांद्यावर हात. "तब्येत सांभाळा." हात झटकला. आकडा पास झाला की अडकला, कुणी सांगत नाही. बाईंना फोन केला, उचलला नाही.

८ सप्टेंबर
बाईंचा मेसेज. एकच ओळ : 'जुलैच्या खऱ्या तारखा हव्यात, रोज किती ते.' नमस्कार नाही, काका नाही. आठवून लिहून पाठवल्या. खाली निळ्या खुणा झाल्या. पुढं काही नाही.

१० सप्टेंबर
सकाळी रज्जाकचा फोन. बॉयलर सध्या त्याच्याकडं आहे.
"दादा, गेटवर गाडी आलीया. ताडपत्री हाय वर."
"काळा?"
"व्हय. कांड्या परत भिजल्यात. साहेब म्हणत्यात, घे आत, रजिस्टरला नेहमीसारखं लिही. आता सही माजी लागनार हाय. तुमी माज्या जागी असता तर काय केलं असतं?"
फुशारकी मारता आली असती. पण जुलैत मी काय केलं ते त्यानं शेजारी उभं राहून बघितलंय.
"रज्जाक," म्हटलं, "मला नको इचारू."
"मग कुणाला इचारू?"
मागं ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फोन रज्जाकनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही.