धाकटीच्या गावची थंडी

११ जानेवारी, दुपार

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही बरी असणारच, कारण तुला साधी शिंक आली तरी ती आईला माझ्याआधी कळते.

आधी तुझा प्रश्न. "ताई, लोकरीचे मोजे, मफलर आणि कानटोपी कशाला पाठवलीस? इथे पंख्याखालीसुद्धा घाम येतोय." बाई गं, पाठवलं आईने. मी फक्त विणलं, बांधलं आणि पोस्टाच्या रांगेत उभी राहिले. का ते सांगते, दम धर. फोनवर सांगता येत नाही. आईचा खुबा मोडला असला तरी कान शाबूत आहेत.

कामाचं म्हणशील तर मान वर करायला फुरसत नाही. थंडी पडली की सगळ्या शहराला एकदम आठवतं, आपल्या कोटाचं अस्तर फाटलंय. बाहेरची खोली कोटांनी भरून गेलीय. काल एका वकिलाचा कोट चुकून भलत्याच बाईंना घालून बघायला दिला, आणि त्यांना तो इतका बसला की परत करायला तयार होईनात! मशीन खिडकीशी ठेवलंय, उजेडासाठी. तू हे घर पाहिलं नाहीस अजून. बारावा मजला. खिडकीतून अख्खं शहर दिसतं, नदीवरचा पूल, कारखान्याची धुराडी, छपरांवरच्या टाक्या, आणि लांबवर एक क्रेन, जी मी राहायला आल्यापासून तशीच उभी आहे. आईची खोली आतली, उबदार. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. दवाखान्यातून तिला स्ट्रेचरवर आणली ती थेट आत नेली. लिफ्टमध्ये तिने डोळे घट्ट मिटले होते. म्हणजे आपण कुठल्या उंचीवर राहतोय आणि बाहेर काय आहे, याचा तिला पत्ताच नाही.

आल्या आल्या ती जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी सूप करायचे, ते गार व्हायचं, मी गरम करायचे, पुन्हा गार. मग मला सुचलं, हिला निदान बाहेरचं शहर तरी दाखवू. तू नवा कॅमेरा घेतलास तेव्हा जुना मला दिला होतास ना? लोकांकडे थोरलीचं जुनं धाकटीला जातं, आपल्याकडे उलटी गंगा. तर त्या कॅमेऱ्याने सकाळी खिडकीतून फोटो काढला, खालच्या दुकानातून मोठा छापून आणला आणि तिच्या हातात दिला.

तिने तो बराच वेळ पाहिला. मग चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाली, "धाकटीने पाठवला?"

आणि एका हातात फोटो धरून दुसऱ्या हाताने चमचा उचलला. माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं, बबडे. पण वाटीतलं सूप संपत होतं. मी वाटी पुन्हा भरली.

आता कळलं मोजे कुणासाठी? आईच्या मते तू या थंडीत राहतेस. छपरांवर बर्फ, धुराड्यांचा धूर, हे सगळं तुझ्या गावचं. तू फोनवर "इथे उकडतंय" म्हणालीस, तर फोन ठेवल्यावर मला म्हणते, "मला काळजी वाटू नये म्हणून खोटं बोलते, गुणाची पोर." मी सुईत दोरा ओवत होते. सुई बोटात गेली.

तेव्हापासून रोज सकाळी हाच उद्योग. तुला हसू येईल, पण मी शिकलेय. आधी हीटर बंद करायचा, नाहीतर काचेला घाम सुटतो. गारठलेला कॅमेरा एकदम उबेत आणला की त्याची काच धुरकट होते, म्हणून नंतर त्याला गुंडाळायला कोटाचा तुकडा आधीच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. मग खिडकी उघडायची. बोटं लाकडासारखी होतात. ऊन आलं की धूर गुलाबी होतो, छपरांवरचा बर्फ निळा असतो, आणि फक्त धुराड्याभोवती वितळून काळं, ओलं कडं झालेलं असतं. ते कडं आलं पाहिजे फोटोत, तरच घरात चूल पेटलेली आहे असं वाटतं. खरं सांगू? चांगले येतात. माझे फोटो चांगले येतात.

एकदा न राहवून म्हटलंसुद्धा, "आई, हा मी काढलाय." तर हसली. माझा हात हातात घेऊन बोटांवरची सुईची भोकं कुरवाळली आणि म्हणाली, "हे हात टाके घालायचे गं. ज्याचं त्याला शोभतं." प्रेमानेच म्हणाली. त्याचाच जास्त राग आला.

तिची भिंत आता फोटोंनी भरलीय. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांना रोज तुझ्या कौतुकाचं पारायण ऐकावं लागतं. त्या बाहेरच्या खोलीतूनच आत येतात, खिडकी त्यांनी पाहिलेली. पहिल्या दिवशी त्या फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा फोटोकडे. मी मागून हात जोडले. तेव्हापासून त्याही सामील. "चला आजी, चार पावलं टाका, लेकीच्या गावाला जायचंय ना!" आणि आजी टाकतात पावलं! माझ्या गावात राहून तुझ्या गावाकडे चालतात.

आणि तू? त्या दिवशी आई म्हणाली, "फोटो फार सुंदर आहेत हं तुझे." तू म्हणालीस, "थँक्यू, आई!" कुठले फोटो, कधीचे, काही विचारायचं नाही. कौतुक आलं की झेलायचं, ही तुझी लहानपणापासूनची सवय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हो, मला तुझा हेवा वाटतो. लिहूनच टाकते. अंथरूण मी बदलते, केस मी विंचरते, थंडीत बोटं मी गोठवते, आणि जीव लागतो तुझ्यात. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही.

आता मूळ मुद्दा. तू महिनाअखेरचं तिकीट काढलंस. ते पुढे ढकल. आई वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत येते आता. थोड्याच दिवसांत ती बाहेरच्या खोलीत येईल, खिडकीशी उभी राहील, तो पूल आणि ती धुराडी बघेल, आणि तिला आपोआप कळेल. मला तोंड उघडावं लागणार नाही. तेव्हा तिथे तू नकोस. तू असलीस तर ती म्हणेल, धाकटीने इथे येऊन काढले. तो एक दिवस मला एकटीला हवाय. आई रोज तुझी वाट बघते हे माहीत असून मागतेय. वाईट आहे मी, असू दे.

तासाभराने पुढे लिहितेय.

वरचं लिहीत होते आणि मागे वॉकरचा आवाज आला. आई! एकटी, दारातून बाहेर, कोटांच्या ढिगाला वळसा घालून. मी ओरडलेच. ती म्हणाली, "ओरडू नकोस, पडेन." धरून खिडकीशी आणली. हीटर बंद केला, काच पुसली. खाली सगळं शहर पसरलेलं, लख्ख ऊन, पूल, धूर, छपरांवरची काळी कडी. मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते.

खूप वेळ पाहिलं तिने. मग म्हणाली, "अगं बाई! हे तर हुबेहूब धाकटीच्या गावासारखं."

मी म्हटलं, "हो ना?"

"पूलसुद्धा तसाच. शहरं मेली सगळी सारखीच." मग माझा दंड धरून म्हणाली, "ती आली की तिला सांग, इथूनही एक काढ म्हणावं. तिच्या हातून काय सुंदर येईल!"

तिला परत नेऊन निजवलं. ती हसत झोपली. मी बाहेर येऊन कुणाच्या तरी कोटात तोंड खुपसून रडले.

तिकीट ठेव तसंच. ये. इतकी चालली ती, तर तुला घ्यायला दारापर्यंतही येईल. भिंतीवरचे फोटो दाखवील, तेव्हा हो म्हण. माझ्याकडे बघू नकोस, फक्त हो म्हण. मोजे आवडले म्हण. सगळं घे, बबडे, मी चकार शब्द काढणार नाही.

पण कॅमेरा आणू नकोस. त्या खिडकीतून तू काढलास तर तो माझ्यापेक्षा चांगला येईल. ते मला सोसणार नाही.

तुझी ताई,
आणि काही झालं तरी तिची थोरली