गोड बोलण्याचा गुण

मंगळवार, दिवेलागण. वडवणी.

आमच्या दूध सोसायटीच्या जनावरांच्या छावणीत आजही वैरणीची गाडी आली नाही. लोक चिडून ऑफिसवर आले. चेअरमन आतच बसले. मला म्हणाले, “सेक्रेटरी, तुमीच समजावा. तुमच्या शब्दाला मान हाय.” मी बाहेर गेलो, गाडी उद्या नक्की येईल म्हणालो. लोक शांत झाले. लई बरं वाटलं. बोलून माणसं शांत करणं, तेवढा एकच गुण माझ्यात.

छावणीत चक्कर मारून ऑफिसात परतताना गयामावशीची गाय दिसली. पेंडीचं रिकामं घमेलं चाटत होती. मावशी म्हणाली, “तू बोललास की आमाला धीर येतो, बाबा. पर हिला कसं समजावू?”

तेव्हापासून ते घमेलं डोळ्यांसमोरून हलत नाही. गाडी का आली नाही, एवढंच चेअरमनला विचारायचं होतं. लोकांसमोर चालणारी जीभ त्यांच्यासमोर उचलत नाही. कामून? भितो, दुसरं काय. उलट त्यांच्याबरोबर चहा पिऊन आलो.

गाय अजून चाटत असेल.

चहा पिताना त्यांनी गाडीचं नावही काढलं नाही; ती उद्याही येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुन्हा मलाच बाहेर पाठवतील. आणि तेव्हा काय बोलायचं, ते आत्तापासूनच सुचायला लागलंय.