तिबाकिरातली गळाभेट

सोमवार, ३ जून

 जर्सीत पाठीशी, पोटाशी, गळ्याशी बाटल्या कोंबून सायकलवर संघाच्या गाडीपासून पुढे, परत मागे, परत पुढे. दिवसभर हेच. आणि दाईरो साहेबांनी एक घोट घेऊन काय म्हणावं? “गार आहे रे.” गार आहे! या डोंगरात पाणी उकळून देऊ काय तुला!

बोललो नाही अर्थात. तेवीस वर्षांचं पोरगं, पण आमच्या संघाचा पुढारी तो. तो जिंकायला आलाय, मी पाणक्या. त्याला वारा लागू नये म्हणून पुढे मी, त्याचं चाक बसलं तर माझं काढून द्यायचं. अकरा वर्षं हाच धंदा. मला आवडतो, खोटं कशाला बोलू.

जेवताना प्रोफेने (आमचा प्रशिक्षक, मालक, हवामान खातं, सगळं तोच) बॉम्ब टाकला. आमचा खर्च उचलणारे सिमेंटवाले पुढच्या वर्षी हात आखडता घेणार. बारांतले आठच ठेवायचे. “कोण ते शर्यत संपल्यावर बघू. आता जेवा.” जेवा म्हणे! बटाटे तसेच राहिले सगळ्यांच्या ताटात. सगळ्यांत वयस्कर मी. चौतीस.

करार गेला तर गावी, तिबाकिराला परत. बाबांच्या ट्रकवर दुधाचे कॅन चढवायला. बाबा अकरा वर्षं एकच वाक्य ऐकवतात — “कॅन कुठे पळून जात नाहीत. तू ये सावकाश.”

मंगळवार, ४ जून

नकाशा नीट पाहिला. शुक्रवारचा टप्पा तिबाकिरातून जातोय! आमच्या फाटकासमोरून! इतक्या वर्षांत एकदाही रस्ता तिकडे वळला नव्हता.

वाट मागू का?

सगळेच मागतात तशी. जर्सीवाल्याला, म्हणजे शर्यतीत पहिला असेल त्याला, विचारायचं. तो हो म्हणाला की गावचा पोरगा एकटा पुढे सुटतो, घरच्यांना भेटतो, आणि तो परत येऊन मिसळेपर्यंत घोळका रमतगमत चालतो. पुढे गेलेल्याने पळून जायचं नाही, मागच्यांनी पळायचं नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही हे. पण मोडलेलं मी तरी पाहिलं नाही.

पिवळी जर्सी मोयानोच्या अंगावर आहे. तो दुसऱ्या संघातला, पण पोरसवदा होतो तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो, एकच जाकीट आळीपाळीने घालायचो. तो नाही म्हणणार नाही. प्रोफे म्हणेल. दाईरो तिसरा आहे, मोयानोच्या मागे सव्वा मिनिट. अशात प्रोफे मला घरी मुके घ्यायला सोडतोय होय!

संघाच्या मालिशवाल्या हर्मिनियाबाई पोटऱ्या रगडता रगडता म्हणाल्या, “विचार की! लाजतोस काय नव्या नवरीसारखा?” आणि असा अंगठा रुतवला की डोळ्यांत पाणी आलं.

बुधवार, ५ जून

नाश्त्याला विचारलं. शब्द तोंडातून पडले न पडले तोच प्रोफे म्हणाला, “जा! बापाला भेट. यंत्र आहेस का तू?” वर माझ्या पाठीवर थाप मारली.

मी वेड्यासारखा उभाच. मागच्या वेळी हा माणूस इतकं गोड बोलला होता तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघांना घरी बसवलं होतं. दाईरोकडे पाहिलं. तो अरेपाचे, मक्याच्या त्या भाकरीचे, तुकडे करत होता. खात नव्हता, नुसते तुकडे.

जाऊ दे. मिळालंय ते घे, ओविदिओ.

दुपारी सपाट रस्त्यावर मोयानोच्या शेजारी गेलो. माझं तोंड बघूनच हसला. “काय म्हाताऱ्या, वाट मागायला आलास ना? तुझं गाव नकाशावर बघितलं तेव्हाच म्हटलं, येणार हा.”

“एक मिठी आणि एक घोट. बास.”

“दोन घोट घे. पण तुझा शब्द? तुझ्या त्या प्रोफेचा मला काडीचा भरवसा नाही.”

“माझा शब्द.”

मग तो स्वतः घोळकाभर फिरून सांगून आला. शुक्रवारी तिबाकिराला पाय सैल सोडायचे, म्हाताऱ्याचा बाप बघायचाय! सगळे चिडवायला लागले. कुणी म्हणे बहीण आहे का, कुणी म्हणे गाय आहे का. मीही हसलो.

गुरुवार, ६ जून

बाबांना फोन केला. उद्या फाटकाशी उभे राहा म्हटलं. “हं,” म्हणाले. फोन ठेवला!

 भीती वाटतेय, कसली ते कळत नाही.

शुक्रवार, ७ जून

हॉटेल. खोलीचं दार लावून घेतलंय. खाली गाणी लावलीत आमच्या लोकांनी. लिहून काढतो, नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडेन.

गावाच्या अलीकडे मोयानोने मान हलवली आणि मी सुटलो. चढावर काकवा रस्त्यात येऊन ओरडत होत्या. वळण घेतलं आणि फाटक दिसलं. बाबा. रविवारची टोपी, अंगावर धुतलेला लोकरी रुआना. शेजारी टोमासा काकू गुळाचं गरम पाणी घेऊन. मी सायकलवरून उतरतोय तोवर बाबांनी मला मिठी मारली.

बाबांनी! आई गेली तेव्हासुद्धा या माणसाने माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला होता. आणि आज अख्ख्या गावादेखत! दुधाचा, तंबाखूचा वास. मला रडूच फुटलं. लाज वाटली नाही.

घोळका आला तो खरंच गप्पा मारत आला. कुणी कुंपणाशी लघवीला थांबलं, कुणी जाकीट काढत होतं. मोयानोने दोन्ही हात सोडून बाबांना सलाम ठोकला. “काका, सांभाळा याला!” सगळे पुढे गेले, पुलाकडे. आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, गावाबाहेर, पूल आहे, अरुंद, आणि पूल संपला की लगेच छातीवर येणारा चढ.

“बाबा, निघतो. मिसळायला हवं.”

“थांब रे. जरा थांब.”

सोडेनात. कॅन उचलून उचलून त्यांचे हात लोखंडाचे झालेत. मलाही सुटावंसं वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर. त्यांची छाती धडधडताना ऐकू येत होती. आणि तेवढ्यात माझ्या कानातल्या यंत्रात प्रोफेचा आवाज —

“आता! दाईरो, आता! सगळे पुलावर!”

मी बाबांच्या खांद्यावरून पाहिलं. आमच्या चार हिरव्या जर्सी घोळका फोडून पुलावर घुसल्या. मागचे गर्दीत अडकले, कुणाचं जाकीट अर्धं काढलेलं, मोयानोच्या तोंडात खाऊ. दाईरो चढावर दिसेनासाही झाला. मी अजून मिठीतच.

मोयानो पावणेतीन मिनिटं मागे पडला. पिवळी जर्सी आता दाईरोकडे.

दाईरो बसमध्ये शिरला तेव्हा मी त्याची कॉलर धरली. “तुला माहीत होतं?” तो मागे सरकला. म्हणाला, “प्रोफेने सांगितलं होतं. तुला कळवायचं नाही म्हणाले. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं म्हणाले.” प्रोफे पुढच्या सीटवरून वळलासुद्धा नाही. “तू परत येईपर्यंत ते जोर लावत नाहीत, हे त्यांचं दुखणं. मी नियम कुठला मोडला, दाखव मला.”

माझा शब्द दिला होता मी. माझा!

शनिवार, ८ जून

कुणी बोलत नाही. शेजारी गेलो की रस्ता बंद होतो. वळणावर दोनदा मला खडीत ढकललं. पाणी मागितलं तर एकाने माझ्यासमोर बाटली ओतून टाकली. मोयानोच्या संघातला एक उंच पोरगा थुंकून म्हणाला, “बाप दाखवून धंदा करतोस? उद्या बापालाही विकशील!” मारायला हात उचलला होता मी. मोयानोने मध्ये पडून त्याला बाजूला केलं. माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

अकरा वर्षांत एक टप्पा जिंकलो नाही. माझ्याजवळ होतं काय? एवढंच, की ओविदिओ बोलला म्हणजे बोलला. तेही गेलं.

दुपारी मी मालिशच्या टेबलावर असताना प्रोफे कागद घेऊन आला. करार. एक नाही, दोन वर्षांचा! पगार थोडा जास्तच. “तू संघासाठी खूप केलंस. सोमवारपर्यंत सही करून दे.” मी म्हटलं, मी काय केलं? मी तर फाटकात उभा होतो. तो नुसता हसला आणि गेला.

हर्मिनियाबाईंनी टॉवेल माझ्या अंगावर फेकला. “घे कागद. पोटापाण्याचं बघ. हे सगळे दोन महिन्यांत विसरतील.” मग स्वतःच पाठ फिरवून डोळे पुसले.

विसरणार नाहीत. मी असतो तर विसरलो नसतो.

रविवार, ९ जून

केलं. केलं एकदाचं!

सुटण्याआधी सगळे रांगेत उभे असतात, पाद्रीबाबा कार्मेनच्या माऊलीची, मेरीमातेची, मूर्ती घेऊन आशीर्वाद देत फिरतात. सगळ्यांच्या टोप्या काढलेल्या. मी सायकल उचलली, सगळ्यांना ओलांडून थेट मोयानोसमोर जाऊन उभा राहिलो.  मुद्दाम मोठ्याने बोललो, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

“माझ्या बाबांच्या गळ्याची शपथ. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. माझ्या घरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या संघाने मला वापरलं. ती भेट खरी होती. खोटं असेल तर माझे बाबा मला दिसायचे नाहीत.”

प्रोफे गाडीतून ओरडला, “ओविदिओ, इकडे ये!” मी हललो नाही.

 पाद्रीबाबा थांबले.  मोयानो म्हणाला, “तुझ्या बापाने तुला मिठी मारलेली मी पाहिली. असलं नाटक कुणाला जमत नाही.” खिशातून पानात बांधलेली पेरूची वडी काढली, पानासकट मोडली, अर्धी माझ्या तोंडात कोंबली. तो उंच पोरगा आला, खाली मान घालून हात पुढे केला. घेतला मी.

रस्ताभर माणसं शेजारी येऊन बोलत होती. एकाने पाणी दिलं. मी जर्सीवाल्याचा पाणक्या, आणि सगळ्या घोळक्याने मला पाणी पाजलं! दाईरोसाठीही ओढलं मी आज, मनापासून. त्या पोराची काय चूक. तोही सांगितलं तसा पळाला.

कराराचं ठरवून टाकलंय. सही नाही. उद्या शेवटचा टप्पा संपवायचा, कागद प्रोफेच्या हातात द्यायचा आणि घरी. कॅन तर कॅन. बाबा खूश होतील. अकरा वर्षं वाट बघतायत. आज भूक लागली, दोन ताटं जेवलो.

सोमवार, १० जून

सकाळीच बाबांना फोन केला. म्हटलं सही करत नाही, घरी येतो, ट्रक धुऊन ठेवा.

 ओरडले. बाबा कधी ओरडत नाहीत. “वेडा झालास का! मग मी तुला धरून कशाला ठेवलं होतं?”

मी म्हटलं, म्हणजे?

“तुझ्या साहेबांचा फोन आला होता. आम्ही पूल गाठेपर्यंत पोराला धरा म्हणाले, दोन वर्षं पक्की करतो त्याची. त्याला सांगू नका म्हणाले. कंबर मोडली रे माझी त्या कॅनांनी. तुझी मोडू नये एवढंच.” मग हळूच, “पण मिठी मारल्यावर मलाच सोडवेना.”

फोन ठेवला, आणि कालचे माझेच शब्द आठवले: माझ्या घरच्या कुणाला ठाऊक नव्हतं.

खाली सगळे निघालेत. मोयानो खिडकीखाली उभा आहे, हातात दोन कॉफ्या. हाका मारतोय — “चल म्हाताऱ्या, आज माझ्या शेजारून चल!”