भाऊंना खोटं लिहिता येत नाही

५ जानेवारी, रविवार

निवड झाली! माझ्या मार्गदर्शक राजेश्वरी मॅडमचा सकाळीच फोन – फेब्रुवारीत पुण्याच्या परिषदेत माझा निबंध. 'ऑनलाइन संवादातलं खोटं आणि भावना'. डॉक्टरेट अजून लांब आहे, पण आज लोणावळ्याच्या बाजारातून अशी काही ऐटीत चालले की चिक्कीवाल्यानं पर्यटक समजून हाक मारली. इथं चार वर्षं राहतेय मी! तरी राग आला नाही. पाव किलो घेतली.

घरी कळवलं. आमच्या आंदर मावळात वाडीवर घरात रेंज नसते, मेसेजसाठी खळ्यावर जाऊन उभं राहावं लागतं. आईनं तिथूनच आवाज भरून पाठवला – "म्हंजी तू लोकांची खोटी पकडनार? मग लगीन कोन करंल तुज्यासंगं?" आणि मागोमाग, "पर लय भारी वाटलं गं इंदू."

भाऊंचा मेसेज : 'कळलं.'

भाऊ म्हणजे माझे वडील, आणि त्यांचा मेसेज म्हणजे तार. 'पोचलो.' 'भात झोडला.' एम.ए.च्या पेपरला आत शिरणार, तेवढ्यात 'बैल मेला.' मी रडत पेपर लिहिला. आई त्यांना पुष्कळ बोलली, दोन तास थांबला असता तर काय बिघडलं असतं म्हणून. भाऊ म्हणाले, "मेला त्यो मेलाच की."

९ जानेवारी

कामाला लागले. मावळातल्या घरांनी आपणहून दिलेले मेसेज, आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्यानंच खूण करायची – खरा की खोटा. पुस्तकं सांगतात, खोटं थंड असतं. लांबून बोलतं, 'मी' गाळतं. तोच नियम संगणकाला शिकवला आणि मेसेज आत सोडले. निकाल – अख्खा मावळ खोटारडा! आमच्याकडे 'मी' एरवीही गळतोच. 'जेवलो, निघालो, पोचलो' – यात 'मी' कुठून आणू?

मॅडम हसून हसून बेजार. म्हणाल्या, "परदेशी चाळणीनं इंद्रायणी तांदूळ चाळलास." माझ्याच नावाचा तांदूळ, म्हणजे टोमणा मलाच होता.

१४ जानेवारी

संक्रांत. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे शेकड्यानं आलेत. खरे धरू की खोटे? मॅडम म्हणाल्या, वगळ.

१९ जानेवारी, रविवार

वाडीवर गेले होते. शेजारच्या रतनबाईंनी मेसेजवर खुणा करून आपला फोन माझ्या हातात दिला. त्यात मुलाला, विठ्ठलला, पाठवलेला मेसेज – 'आबाला बरं न्हाई. सावकास ये. जेवून निघ.' खूण : खरा.

आबा, विठ्ठलचे आजोबा, तर त्या दिवशी पहाटेच गेले होते! म्हटलं, रतनबाई, ही खूण चुकली. तर माझ्यावरच उखडल्या. "खोटं कुटं हाय त्यात? बरं नव्हतंच की आबाला."

परत येताना बसमध्ये आधी चिडले, मग सगळे तसले मेसेज पुन्हा काढले. गेल्याची बातमी कुणीच लिहीत नाही. सगळे 'बरं नाही' लिहितात. आणि सगळ्यांची खूण – खरा. हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. फक्त मी त्याकडे अभ्यास म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

सापडलं! आणि हे माझं आहे, कुठल्याही पुस्तकातलं नाही.

माणूस नुसता आजारी असेल तर घरचे लिहितात – 'लगेच निघ', 'हातातलं टाकून ये'. माणूस गेलेला असेल तर लिहितात – 'सावकाश ये', 'जेवून निघ'. खरी घाई असते तिथं घाई. सगळं संपलेलं असतं तिथं माया. म्हणजे आमचं खोटं थंड नाही. खऱ्यापेक्षा त्यातच जास्त ऊब आहे.

वाडीवर चुलीशी बसून आईला वाचून दाखवलं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. "मग? घरात आल्यावर चूल न्हाई पेटायची. पोरगं दिसभर उपाशी ऱ्हाईल. आन खरं लिवलं तर गाडी कशी मारंल त्यो, त्याचा बी इचार नको?" बोलता बोलता उठली आणि मधेच उंबऱ्यावर बसली. काय झालं गं? "काय न्हाई. आंबट खाल्लं. तू वाच, वाच पुढं." मी वाचलं पुढं.

भाऊ कोपऱ्यात दोर वळत होते. म्हणाले, "मला न्हाई जमायचं आसलं लिवाय."

२ फेब्रुवारी

गंमत म्हणून भाऊंचे मला आलेले सगळे मेसेज तपासले. एकही खोटा नाही. एकही! मॅडमना सांगितलं, माझे वडील माझ्या अभ्यासाला निरुपयोगी आहेत. सांगताना छाती फुगली होती, लपवून काय करू. तालुक्यात असा दुसरा माणूस काढून दाखवा.

८ फेब्रुवारी

रतनबाईंच्या विठ्ठलला भेटले. तो कंपनीत आहे, बेगडेवाडीला खोली करून राहतो. स्टेशनबाहेर चहा घेतला. त्या दिवशी मेसेज वाचून काय वाटलं, असं विचारायचं होतं. तोच म्हणाला, "वाचला तवाच कळलं, ताई. आबा गेलं."

"मग?"

"मग काय. जेवलो."

"कळल्यावर जेवण गेलं?"

"न्हाई जात. आईनं लिवलंतं न्हवं जेवून निघ. खळ्यावर उभं ऱ्हाऊन लिवलं आसंल तिनं. मग जेवलो."

चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. येताना गाडीत माझे डोळे भरून आले. संशोधकानं असं करू नये म्हणतात. म्हणोत.

१५ फेब्रुवारी, शनिवार, पुणे

आज मी गाजवलं! निबंध न अडखळता वाचला. शेवटी एका प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सगळ्यांनाच अर्थ ठाऊक असेल, तर यात फसतं कोण?" सभागृह हसलं. मी म्हटलं, "कोणी नाही, सर. लिहिणाऱ्याला माहीत असतं की वाचणाऱ्याला कळणार. वाचणाऱ्यालाही कळतं. तरी तो जेवतो." हसू थांबलं. मग टाळ्या, आणि पहिली टाळी त्या प्राध्यापकांचीच. मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, ही माझी विद्यार्थिनी, आंदर मावळची. दरवेळी 'आंदर' वर जोर देऊन. मी एवढी ताठ बसले होते की पाठ दुखतेय.

संध्याकाळी आईचा आवाज आला, जरा धाप लागलेला. खळ्याचा चढ आहेच तसा. "टाळ्या वाजिवल्या का गं लोकांनी? मोठ्यांदा? भाऊ सगळ्या वाडीला सांगत सुटल्यात. जेवलीस का?"

भाऊंचा : 'बरं केलं.' दोन शब्द! माझ्या पदवीलाही एकच होता.

उद्या दिवसभर परिषद, परवा सरळ वाडीवर जाणार. आईसाठी साडी घेतली, हिरवी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या सत्रात फोन बंद होता. आत्ता उघडला.

भाऊंचा मेसेज : 'आईला जरा बरं न्हाई. सावकास ये. जेवून निघ.'

जेवणाच्या रांगेत उभी राहिले. ताट घेतलं. शेवटच्या घासापर्यंत संपवलं, पानात काही टाकलं नाही. मग उत्तर लिहिलं – 'जेवले, भाऊ. निघते.'